गाडी लागणे, बोट लागणे आणि सिम्युलेटरची सफर

प्रवासात होणाऱ्या मळमळीला मराठी भाषेने फार पूर्वीच नेमके शब्द दिले आहेत. मुंबईहून कोकणपट्टीच्या बंदरांना आणि पणजीला आगबोटी जात असत, त्या काळी कित्येकांना ‘बोट लागत’ असे. आज चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीच्या घाटातून बसने जाताना अनेकांना ‘गाडी लागते’. ऊन लागावे, वारा लागावा, तशीच ही गाडी लागते. बाहेरच्या एखाद्या गोष्टीची शरीराला बाधा झाली, असा अर्थ या शब्दप्रयोगात अभिप्रेत आहे आणि शास्त्रीय दृष्ट्याही तो बराचसा योग्य आहे.

गेल्या काही दशकांत या जुन्या बाधेचा एक नवा प्रकार पाहावयास मिळू लागला आहे. मोठ्या करमणूक उद्यानांतून ‘सिम्युलेटर’ नावाची यंत्रे बसविण्यात आली आहेत. प्रेक्षक एका बंद खोलीत आसनावर बसतात, समोरच्या पडद्यावर विमानाचे उड्डाण, दरीतील झेप किंवा अंतराळातील प्रवास दिसू लागतो आणि त्या दृश्याच्या तालावर आसने हलू लागतात. खोली जागच्या जागीच असते. परंतु बसणाऱ्यास आपण कोसभर भरारी मारून आलो असे वाटते. मुंबई-पुणे मार्गावर खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इमॅजिका’ उद्यानात ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावर बेतलेली अशीच एक सफर आहे. शालेय सहलींच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतील मुलेही आता अशा उद्यानांना भेट देऊ लागली आहेत.

अशा सफरीतून बाहेर पडताना काही मुले पांढरीफटक पडलेली, घामाने थबथबलेली आणि उलटी आवरीत असलेली दिसतात. त्यांना भित्री ठरवून सवंगडी हसतात. काही वेळा वडीलधारी माणसेही ‘मन घट्ट कर, पुन्हा एकदा बस’ असा उपदेश करतात. कोणी घरून आणलेली गोळी मुलाच्या हातावर ठेवतो. हे तिन्ही वर्तनप्रकार चुकीचे आहेत आणि तिसरा तर क्वचित धोक्याचाही ठरू शकतो. गाडी लागते ती का, सिम्युलेटर लागतो तो का आणि दोहोंवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट कसे आहेत, हे समजून घेतल्यास मुलांचा त्रास आणि त्यांचा अपमान हे दोन्ही टाळता येण्यासारखे आहेत.

दुखणे पोटाचे नव्हे, तोलाचे

मळमळ पोटात जाणवते म्हणून दोष पोटाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः या विकाराचे मूळ कानात आणि डोळ्यांत असते. कानाचे काम केवळ ऐकण्याचे नाही. कवटीच्या हाडात खोलवर असलेल्या आंतरकर्णात शरीराचा तोल सांभाळणारे एक अतिशय नाजूक इंद्रिय आहे. त्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी काटकोनात बसविलेल्या असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. डोके कोणत्याही दिशेला वळले की हा द्रव किंचित मागे राहतो आणि त्याच्या दाबाने सूक्ष्म केस वाकतात. पाण्याने भरलेली कळशी एकाएकी फिरविली असता आतले पाणी क्षणभर जागीच राहते, तशातलाच हा प्रकार होय. दुसऱ्या भागात दोन लहान पिशव्या असून त्यांतील चिकट थरावर चुनखडीच्या जातीचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. शरीर पुढे-मागे किंवा वर-खाली सरकले अथवा डोके कलले, म्हणजे हे कण घसरतात आणि मेंदूला त्याची वर्दी पोहोचते.

या इंद्रियाचा आणि भोवळीचा संबंध एकोणिसाव्या शतकातच लक्षात आला होता. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिर व्यक्तींविषयीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. गरगर फिरविल्यावर सामान्य माणसास हमखास भोवळ येते. परंतु मूकबधिरांपैकी अनेकांना ती मुळीच येत नाही, असे त्यांना आढळून आले. ज्यांच्या आंतरकर्णातील तोलाचे इंद्रियही निकामी झालेले असते, त्यांची ही गोष्ट होती. पुढे ऑस्ट्रियन वैद्य रॉबर्ट बारानी यांना या इंद्रियावरील संशोधनाबद्दल १९१४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तोलाचे इंद्रिय पूर्णपणे निकामी झालेल्या माणसास खवळलेल्या समुद्रातही बोट लागत नाही, हे नंतरच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. पोट तेच, अन्न तेच; पण कानाची वर्दी नसेल तर मळमळ नाही. यावरून दोष पचनाचा नव्हे, हे सहज ध्यानात येईल.

दोन साक्षीदारांतील विसंवाद

शरीर हलत आहे की स्थिर आहे, याचा निर्णय मेंदू प्रामुख्याने दोन साक्षीदारांच्या जबानीवरून करतो. एक साक्षीदार डोळा आणि दुसरा आंतरकर्ण. सांधे, स्नायू व तळपाय यांच्याकडून येणारी माहिती त्यांना पूरक ठरते. एरवी या सर्वांचे एकमत असते. शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाला डोळा सांगतो की तो पुढे जात आहे आणि कानही तेच सांगतो.

बसमध्ये मात्र स्थिती बदलते. घाटातील वळणावर गाडी कलते, तेव्हा कान ‘हालचाल होत आहे’ असे कळवितो; परंतु प्रवाशाची दृष्टी पुस्तकावर, मोबाइलवर किंवा पुढच्या आसनाच्या पाठीवर खिळलेली असली तर डोळा ‘सारे स्थिर आहे’ असे सांगतो. दोन साक्षी जुळत नाहीत. ब्रिटिश संशोधक जेम्स रीझन यांनी १९७० च्या दशकात या विचाराला आणखी एक जोड दिली. मेंदू केवळ डोळा आणि कान यांची तुलना करीत नाही, तर पूर्वानुभवावरून जे अपेक्षित असते त्याच्याशीही दोघांची जबानी ताडून पाहतो, असे त्यांनी मांडले. म्हणूनच गाडी चालविणाऱ्या माणसाला गाडी सहसा लागत नाही. पुढचे वळण कोठे आहे व गाडी केव्हा कलणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. त्याच गाडीत मागे बसलेला प्रवासी मात्र बेसावध असतो.

हालचाल कशी आहे, यावरही बरेच अवलंबून असते. खडखडत जाणाऱ्या वाहनाचे जलद धक्के अंग दुखवितात, पण मळमळ क्वचितच आणतात. याउलट सुमारे पाच सेकंदांना एक असा संथ हेलकावा सर्वांत अधिक त्रास देतो, असे मोजमापांवरून दिसून आले आहे. समुद्रातील बोटीचे डोलणे बरेचसे याच गतीचे असते.

या विसंवादातून उलटीच का व्हावी, हा प्रश्न उरतोच. १९७७ मध्ये मिशेल ट्रीझमन या शास्त्रज्ञांनी त्यावर एक तर्क मांडला. अनेक विषारी पदार्थ पोटात गेल्यावर दृष्टी आणि तोल बिघडतो. म्हणून डोळा आणि कान यांचे जुळेनासे झाले की विषबाधा झाली असे समजून मेंदू पोट रिकामे करण्याचा आदेश देत असावा. हा तर्क सर्वमान्य झालेला नाही. तरीही शरीराची ही प्रतिक्रिया भित्रेपणाची नसून संरक्षणाची असू शकते, एवढे त्यावरून समजते.

सिम्युलेटर कसे काम करतो

सिम्युलेटरचा जन्म करमणुकीसाठी झालेला नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास वैमानिकांना जमिनीवरच शिक्षण देण्यासाठी एक यंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन वाद्ये बनविण्याचा कारखाना होता. बाजाच्या पेटीत असतात तसे हवेचे भाते वापरून त्यांनी छोट्याशा नकली विमानाला डोलविण्याची युक्ती योजिली. पुढे सहा लांब-आखूड होणाऱ्या पायांवर तोललेला मंच प्रचारात आला. १९६५ मध्ये डी. स्ट्यूअर्ट यांनी अशा मंचाचे विवेचन प्रसिद्ध केल्यामुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हे सहा दट्टे कमी-अधिक लांब केले की वरची खोली पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकू शकते आणि तिन्ही दिशांना कलूही शकते.

वैमानिकांच्या शिक्षणासाठी विकसित झालेले हे तंत्र कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडने करमणुकीसाठी वापरले आणि जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टार टूर्स’ ही सफर सुरू केली. एका खोलीत चाळीस प्रेक्षक बसत आणि अंतराळयानातून गेल्याचा अनुभव घेत. त्यानंतर अशा सफरी जगभर पसरल्या.

या यंत्रातील खरी चलाखी समजून घेण्यासारखी आहे. खोली प्रत्यक्षात थोडीशीच सरकू शकते. मग यान प्रचंड वेगाने पुढे झेपावल्याचा भास कसा निर्माण होतो? खोली हळूच मागे कलविली जाते. त्यामुळे बसणाऱ्याची पाठ आसनावर दाबली जाते. आंतरकर्णातील सूक्ष्म कण मागे घसरतात. ते वेग वाढल्यामुळे घसरले की कलल्यामुळे, हे केवळ त्या इंद्रियाला ओळखता येत नाही. त्याच क्षणी पडद्यावर तारे मागे पळताना दिसतात आणि मेंदू ‘वेग वाढला’ असा निष्कर्ष काढतो. नंतर खोली इतक्या मंद गतीने पूर्वस्थितीत आणली जाते की बसणाऱ्याला त्याचा सुगावाही लागत नाही.

ही फसवणूक पूर्णपणे यशस्वी झाली तर मौज वाटते. परंतु ती नेहमी पूर्ण यशस्वी होत नाही. पडद्यावर विमान पूर्ण कोलांटी घेते, तेव्हा खोली मात्र थोडीशी कलून थांबते. चित्र आणि हालचाल यांत निमिषमात्र अंतर पडले, तरी मेंदूला ते खटकते. पडदा जितका रुंद आणि जवळ, तितकी डोळ्याची साक्ष अधिक जोरदार होते. येथे डोळा म्हणतो, ‘फार मोठी हालचाल होत आहे’. आणि कान म्हणतो, ‘फारशी नाही’. बसमधील विसंवादाच्या हे बरोबर उलट आहे. डोळ्यांवर चढविण्याच्या आभासी चष्म्यांमुळे होणारा त्रासही याच जातीचा असतो.

अनुभवी वैमानिकांनाही सुटका नाही

सिम्युलेटरमुळे मळमळ होते याची पहिली प्रसिद्ध नोंद १९५७ ची आहे. अमेरिकेत हेलिकॉप्टर चालविण्याचे शिक्षण देणाऱ्या एका यंत्रावर हा त्रास मोठ्या प्रमाणावर आढळून आला. विशेष म्हणजे नवशिक्या विद्यार्थ्यांपेक्षा प्रत्यक्ष उड्डाणाचा दीर्घ अनुभव असलेल्या शिक्षक-वैमानिकांना तो अधिक जाणवला. खरे हेलिकॉप्टर वळताना शरीराला काय वाटावे, हे अनुभवी माणसाच्या मेंदूत पक्के ठसलेले असते. यंत्र तेवढे देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत विसंवाद मोठा ठरतो.

हे उदाहरण शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे असे आहे. ज्यांनी आकाशात हजारो मैल उड्डाण केले, त्या धाडसी माणसांनाही जमिनीवरच्या खोलीत बसून मळमळले. तेव्हा या विकाराचा आणि धैर्याचा काडीमात्र संबंध नाही.

तीन प्रकारची वाहने, तीन प्रकारचे उपाय

उपाय ठरविण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: येथे खरोखर काय हलत आहे आणि डोळ्याला काय हलताना दिसत आहे? या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक उपाय दडलेला असतो.

पहिला प्रकार खऱ्या प्रवासाचा, म्हणजे बस, मोटार व बोट यांचा. येथे शरीर खरोखर हलत असते आणि कान ते प्रामाणिकपणे सांगत असतो. तेव्हा डोळ्यालाही तेच दिसू द्यावे. समोरच्या काचेतून दूरवरचा रस्ता किंवा डोंगराची कड पाहावी. बोटीत असल्यास बंद खोलीत न थांबता वर येऊन क्षितिजाकडे दृष्टी लावावी. वाचन करू नये आणि मोबाइल पाहू नये. बाहेर पाहणे शक्य नसेल तर डोके आसनाला टेकून डोळे मिटावेत.

दुसरा प्रकार पडदा आणि हलणारी खोली असलेल्या सिम्युलेटरचा. येथे मोठी हालचाल केवळ चित्रात असते आणि शरीराची खरी हालचाल अल्प असते. तेव्हा पडद्यावरील ‘क्षितिजाकडे’ पाहत राहण्याचा काहीच उपयोग नाही. ते क्षितिजच खोटे असते. मळमळीची पहिली चाहूल लागताच डोळे मिटावेत. डोळ्याची साक्ष बंद झाली की उरते ती खोलीची थोडीशी हालचाल, आणि ती बहुतेकांना सहन होते. डोळे मिटण्याची भीती वाटत असल्यास पडद्यावरून नजर काढून खोलीतील एखाद्या वस्तूवर, उदाहरणार्थ आसनाच्या दांडीवर किंवा दरवाजावरील दिव्यावर, ती स्थिर ठेवावी. खोलीच्या मधल्या भागातील आसन शक्यतो घ्यावे. कडेच्या आसनांना हेलकावे अधिक बसतात आणि अगदी पुढच्या आसनांवरून पडदा फार मोठा दिसतो.

तिसरा प्रकार विरळ असला तरी माहीत असणे आवश्यक आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिस्नेच्या ‘एपकॉट’ उद्यानात २००३ मध्ये ‘मिशन : स्पेस’ नावाची सफर सुरू झाली. तीत प्रेक्षकांची कोठडी मोठ्या चक्राच्या टोकाला बसवून गरगर फिरविली जाते आणि त्या फिरण्यामुळे अग्निबाणाच्या उड्डाणाप्रमाणे शरीर आसनावर दाबले जाते. या सफरीत डोके आसनाला टेकून, डोळे उघडे ठेवून सरळ समोर पाहण्याची सूचना प्रेक्षकांना दिलेली असते. शरीर गोल फिरत असताना डोके बाजूला वळविले, तर अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव भलत्याच दिशेला ढवळला जातो आणि तीव्र भोवळ येते. जत्रेतील चक्री पाळण्यात बसून शेजाऱ्याशी बोलण्यासाठी मान वळविणाऱ्यासही याच कारणाने अधिक गरगरते. गोल फिरणाऱ्या कोणत्याही वाहनात मान स्थिर ठेवावी, हा नियम सर्वांनी लक्षात ठेवावा.

मळमळ येण्यापूर्वी शरीर काही इशारे देते. जांभया येतात, तोंडाला पाणी सुटते, चेहरा फिकट पडतो, थंड घाम येतो आणि बोलणारे मूल एकाएकी गप्प होते. उपाय याच वेळी योजावेत; उलटीची वाट पाहू नये. मंद, दीर्घ आणि एकसारख्या श्वासोच्छ्वासाने बराच आराम पडतो, असेही दिसून आले आहे.

कोणाला त्रास अधिक

दोन वर्षांखालील बालकांना गाडी सहसा लागत नाही. त्यानंतर त्रास वाढत जातो आणि नऊ-दहा वर्षांच्या सुमारास तो सर्वाधिक असतो. पुढे वय वाढते तसा तो बहुधा कमी होतो. म्हणजेच प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले, जी सहलीला सर्वांत उत्साहाने निघतात, तीच या विकाराला सर्वांत अधिक बळी पडतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि अर्धशिशीचा विकार असणाऱ्यांना त्रास अधिक होतो. लहान मुलांना गाडी लागण्याचे आणखी एक साधे कारण असते: त्यांची उंची कमी असल्यामुळे खिडकीतून बाहेरचे दिसत नाही.

सहलीची आखणी

शाळेच्या सहलीत गावातून पहाटे निघणे, घाट उतरणे किंवा चढणे आणि उद्यानात पोहोचताच सर्वात थरारक सफरीकडे धाव घेणे, असा क्रम बहुधा आढळतो. विसंवादाने आधीच शिणलेल्या मेंदूवर लगेच दुसरा विसंवाद लादला जातो. शिक्षकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष दिल्यास बराच त्रास वाचेल.

निघण्यापूर्वी मुलांना हलका आहार द्यावा. पोट अगदी रिकामे ठेवणे हितावह नाही. तसेच तळलेले व मसालेदार पदार्थही टाळावेत. भाकरी, पोळी, केळे, पेज किंवा साधा भात चालेल. ज्यांना गाडी लागते अशा मुलांची यादी पालकांकडून आधीच घ्यावी आणि त्यांना बसच्या पुढच्या भागात, बाहेरचे दिसेल अशी जागा द्यावी. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या आसनांवर हेलकावे सर्वांत मोठे असतात. खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. घाट संपल्यावर दहा मिनिटे गाडी थांबवून मुलांना खाली उतरवावे. कागदी किंवा जाड पिशव्या जवळ ठेवाव्यात. मात्र त्यांची जाहीर चर्चा करू नये, कारण मळमळीची सूचना मिळाल्यानेही काहींना मळमळते.

उद्यानात पोहोचल्यावर किमान तासभर चालण्या-फिरण्यात जाऊ द्यावा. सिम्युलेटरची सफर भरपेट जेवणानंतर लगेच घेऊ नये. एकाच दिवशी अशा सफरींची पुनरावृत्ती टाळावी. सवयीने हा त्रास कमी होतो हे खरे आहे. खलाशांना काही दिवसांत समुद्र सोसू लागतो. परंतु ती सवय थोड्या थोड्या अनुभवातून आणि मध्ये विश्रांतीचे दिवस गेल्यावर लागते. त्रास होत असतानाच पुन्हा पुन्हा बसविल्याने सवय न लागता मळमळ वाढते आणि त्या आसनाच्या वासानेही पुढे ओकारी येऊ लागते. जे मूल ‘मला बसायचे नाही’ असे म्हणेल, त्याला न बसण्याची पूर्ण मोकळीक असावी आणि त्याच्यासोबत एक शिक्षक बाहेर थांबलेला असावा.

औषधे आणि घरगुती उपाय

प्रवासातील मळमळीवरील एका प्रसिद्ध औषधाचा शोध योगायोगाने लागला. १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठण्याच्या विकारावर डायमेनहायड्रिनेट हे नवे औषध देऊन पाहण्यात येत होते. एका स्त्रीरुग्णाने सांगितले की ट्रामगाडीत तिला नेहमी होणारी मळमळ त्या गोळीने थांबली. १९४८ च्या अखेरीस सैनिकांना युरोपात घेऊन जाणाऱ्या जहाजावर त्याची पद्धतशीर परीक्षा झाली आणि औषधाची उपयुक्तता सिद्ध झाली. भारतात याच वर्गातील प्रोमेथाझिन हे औषध प्रवासासाठी बरेच वापरले जाते.

या औषधांविषयी चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, ती मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी घेतल्यासच नीट उपयोगी पडतात. दुसरी, त्यांनी गुंगी येते. म्हणून वाहनचालकाने ती घेऊ नयेत व मद्याबरोबर तर कोणीही घेऊ नयेत. तिसरी, दोन वर्षांखालील बालकांना प्रोमेथाझिन मुळीच देऊ नये, कारण त्यामुळे श्वासोच्छ्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्या मुलांसाठीही मात्रा वय पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. चौथी, शिक्षकांनी स्वतःच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या पिशवीतील गोळी कोणत्याही विद्यार्थ्यास देऊ नये. पालकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेले औषध असेल, तर त्याची मात्रा व वेळ लिहून घ्यावी.

घरगुती उपायांत आल्याला पहिला मान आहे. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फिरत्या खुर्चीवरील प्रयोगात सुंठीच्या पुडीचा चांगला उपयोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. नंतरच्या सर्वच प्रयोगांतून तसे निष्कर्ष निघाले नाहीत. तरीही आल्याचा तुकडा चघळण्याने अपाय होत नाही व काहींना आराम पडतो. लिंबाचा वास घेणे, वेलदोडा तोंडात धरणे, हेही निरुपद्रवी उपाय आहेत. मात्र त्यांच्यावर विसंबून दृष्टी आणि मान यांविषयीचे नियम सोडू नयेत.

कोणी बसू नये

मळमळ हा त्रासदायक, पण तात्पुरता विकार आहे. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र अशा सफरींचा धोका याहून गंभीर असतो. वर उल्लेखिलेल्या ‘मिशन : स्पेस’ या सफरीनंतर २००५ मध्ये एका चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याला हृदयाच्या स्नायूंचा विकार होता आणि तो आधी लक्षात आलेला नव्हता, असे शवचिकित्सेत आढळले. २००६ मध्ये त्याच सफरीचा न फिरणारा, सौम्य प्रकार उपलब्ध करून देण्यात आला.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान किंवा पाठीचे दुखणे, फेफरे येण्याचा विकार आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी अशा सफरी टाळाव्यात. प्रवेशद्वारावरील सूचनाफलक बहुधा घाईत कोणी वाचत नाही. तो शिक्षकांनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा. जे मूल खेळताना लवकर धापा टाकते किंवा ज्याला पूर्वी कधी एकाएकी शुद्ध हरपून पडण्याचा प्रसंग आला आहे, त्याची सहलीपूर्वी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

सफर संपल्यानंतर

त्रास झालेल्या मुलास सावलीत, मोकळ्या हवेत डोके स्थिर ठेवून पडू द्यावे. घोट घोट पाणी द्यावे. उलट्या अधिक झाल्या असतील तर जलसंजीवनी द्यावी. बहुतेकांना अर्ध्या-एक तासात बरे वाटते. मळमळ गेल्यानंतरही सुस्ती, निरुत्साह आणि झोप रेंगाळू शकते. ही मळमळीविनाही येणारी प्रवासजन्य सुस्ती म्हणून १९७६ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिली गेली आहे. अशा मुलास आळशी म्हणू नये. मोठ्या माणसांनीही हे ध्यानात ठेवून, गरगरणे पूर्णपणे थांबल्याखेरीज मोटारसायकल किंवा मोटार चालवू नये.

तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, अस्पष्ट बोलणे, किंवा काही तासांनंतरही न थांबणाऱ्या उलट्या, यांपैकी काहीही आढळल्यास ते गाडी लागल्याचे लक्षण समजून स्वस्थ बसू नये. तत्काळ नजीकच्या रुग्णालयाकडे धाव घ्यावी.

पहिल्याच सहलीत ज्याचे हसे झाले, ते मूल पुढच्या सहलीला ‘पोट दुखते’ असे सांगून घरीच राहते, आणि त्याच्या वाट्याचा समुद्र, किल्ला, संग्रहालय व शहर त्याला पाहावयास मिळत नाही. त्या मुलाला एवढेच समजावून सांगावयाचे असते की त्याचे डोळे चांगले आहेत, कान चांगले आहेत आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत. बसमध्ये दूर पाहावे, पडद्यासमोर डोळे मिटावेत, फिरत्या चक्रात मान स्थिर ठेवावी. ही तीन वाक्ये सहलीच्या आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिली, तर पुष्कळशी मुले आनंदाने जातील आणि आनंदाने परत येतील.